केटो करताय? मग तेल कोणतं?

मी झाशीजवळच्या बिजौलीतून बोलतेय. केटो आता इकडच्या मराठी घरांतही पोचलंय. पोळी-भात बंद; पनीर, लोणी, तूप सुरू. कॉफीतसुद्धा तूप! आठवड्याभरात ग्लुकोमीटरवरचा आकडा उतरतो आणि माणूस खूश होतो.

आकडा उतरणारच हो. पिष्टमय खाल्लंच नाही तर जेवणानंतर साखर वाढणार कशी? पण शरीर इन्सुलिनला नीट दाद देऊ लागलं का, हे मीटर सांगत नाही. तिथे स्निग्ध पदार्थ कोणता, हे मोजलं जातं.

२०१८ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी ३८ स्थूल माणसांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा खायला दिल्या. हा केटो नव्हता, हे लक्षात घ्या. लोणी, चीज, खोबरेल खाणाऱ्यांच्या यकृतातली चरबी ५५ टक्के वाढली. साखर खाणाऱ्यांची ३३. ऑलिव्ह तेल आणि सुकामेवा खाणाऱ्यांची फक्त १५. म्हणजे संपृक्त चरबी साखरेच्याही पुढे गेली! आणि यकृतात चरबी साठली की इन्सुलिनचं तिथे चालेनासं होतं.

‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ मधला फोटो बघावा. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपली ठेवणच अशी.

मग केटोत तूप-खोबरेल कमी करून मोहरी, शेंगदाणा, तीळ, जवस, अक्रोड यांच्याकडे वळा. खोबरेल जवळजवळ ९० टक्के संपृक्त, तूप ६०च्या वर, शेंगदाणा तेल २०च्या आत. आपल्या बुंदेलखंडात शेंगदाणा आणि तीळ पिकतात, महागडं ऑलिव्ह कशाला?

पण म्हणून तेलाची बाटली मोकळी सोडू नका. २००१ साली पाच देशांतल्या १६२ लोकांवर झालेल्या प्रयोगात, एकूण ऊर्जेतला स्निग्धांचा वाटा ३७ टक्क्यांवर गेला की चांगल्या तेलाचा फायदा दिसेनासा झाला. केटोत तो वाटा ७०च्या आसपास असतो!

आणि एक. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल, तर पोळी अचानक बंद केल्यावर साखर धोकादायक उतरू शकते. गोळीच्या नावाशेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर केटोत रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, तेही मीटरवर साखर जवळपास ठीक दिसत असताना. मळमळ, उलट्या, धाप असं काही झालं तर तडक दवाखाना. केटो सुरू करण्याआधी गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा.