कच्चा लिंबू



व्हिडिओ गेम हा विषय ऐकून पुढच्या दोन रांगांत जी कुजबुज झाली, ती मला इथपर्यंत ऐकू आली. तक्रार नाही. ज्यांनी अंगणात लपंडाव खेळलाय, त्यांना आजचा विषय माझ्याइतकाच ठाऊक आहे. आपल्या खेळात एक कच्चा लिंबू असायचा. घरातलं शेंडेफळ. त्यानं पळायचं, लपायचं, नको तेव्हा खिदळायचं. पण सापडला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्या लिंबापायी बाकीच्यांचा डाव कधी सोपा झाला होता का?

व्हिडिओ गेमच्या जगात हेच भांडण चालतं. गाजलेल्या खेळाचा पुढचा भाग येतो, त्यात नवख्यांसाठी सवलती असतात, आणि जुने खेळाडू म्हणतात, ‘झालं, पाणी घातलं!’ मी एकच मालिका घेतो: जपानची ‘फायर एम्ब्लेम’. पहिला भाग १९९०चा, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवरचा, शोझो कागा यांनी घडवलेला. बुद्धिबळासारखाच पट, तशीच घरं, आळीपाळीनं चाली. पण इथल्या मोहऱ्यांना नाव आहे, चेहरा आहे, घरदार आहे. आणि मोहरा मेला की मेला. बुद्धिबळातला घोडा पुढच्या डावाला पुन्हा जागेवर उभा असतो, इथला नसतो. चूक तुमची, जीव त्याचा. मालिकेचं सगळं नाव या एका नियमावर उभं होतं.

२०१०च्या भागात या नियमाला पर्याय आला. खेळ सुरू करतानाच निवडायचं: मेलेले कायमचे जाऊ देत, की लढाई संपल्यावर परत येऊ देत? म्हणजे कच्चा लिंबू व्हायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. २०१२च्या ‘अवेकनिंग’मध्येही तो पर्याय राहिला. तेव्हा मालिकेची अवस्था इतकी नाजूक होती, की विक्री अडीच लाखांच्या खाली गेली तर मालिका बंद, असं कर्त्यांना बजावलं गेलं होतं. विक्री वीस लाखांच्या घरात गेली. श्रेय एकट्या सवलतीचं नाही. पण दार उघडलं म्हणून माणसं आत आली, हेही खरंच.

आता आम्हा जुन्या शूरांची गोष्ट. आवडता शिलेदार पडला की आम्ही काय करायचो? यंत्र बंद, यंत्र चालू, लढाई पहिल्यापासून. पाऊण तास पाण्यात. कायमच्या मरणाचा आम्हाला केवढा अभिमान, आणि ते मरण आम्ही एकदाही सोसलं नाही! कच्च्या लिंबांना नावं ठेवणारे आम्ही स्वतः कोण होतो, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

तरीही ‘अवेकनिंग’ सोपा पडायचा, हा आक्षेप मला मान्य आहे. सगळ्यांत वरच्या पातळ्यांवर घाम फुटतो, एरवी नाही. पण कारण वेगळं आहे. त्यात दोन शिलेदार एकाच घरात जोडीनं उभे करता येतात. पुढचा लढतो, मागचा त्याचं बळ वाढवतो, मधूनच स्वतः वार करतो, कधी वार अडवतो. चांगली जोडी शत्रूच्या गर्दीत सोडावी आणि आपण चहा टाकायला उठावं. शत्रूला मात्र जोडी करता येत नाही. हा घोटाळा नियमाच्या वजनमापातला होता, आणि मरण कायमचं ठेवून खेळणाऱ्यालाही तो तेवढाच फुकट मिळत होता. आळ मात्र आला लिंबावर.

याचा पुरावा २०१५च्या ‘फेट्स’मध्ये आहे. हा खेळ वेगवेगळ्या आवृत्त्यांत निघाला: ‘बर्थराइट’ नवख्यांच्या कलानं, ‘काँक्वेस्ट’ मुरलेल्यांसाठी. मेलेल्यांना परत आणायची सोय दोन्हींत. जोडीचा नियम नव्यानं तोलला, शत्रूलाही दिला. ‘काँक्वेस्ट’मध्ये पैसा बेताचा, आणि बळ वाढवायला वरकड लढायाही नाहीत. त्याच्या दहाव्या अध्यायात ठरलेल्या चाली संपेपर्यंत एक बंदर राखायचं असतं. पाण्याच्या भरवशावर तुम्ही एक बाजू मोकळी सोडता, आणि मध्येच शत्रूचा राजपुत्र पाणीच आटवून टाकतो. घ्या सवलत! पडलेले पुढच्या लढाईला परत येतील, पण बंदर आत्ता जातंय.

एका ठिकाणी मात्र मी जुन्यांच्या बाजूला बसतो. याच ‘फेट्स’मध्ये आणखी एक सोय होती: पडलेला शिलेदार पुढच्याच चालीला जिवंत. तिथं हरण्याला काही अर्थच उरत नाही, मग चाल विचारानं कशाला करायची? पुढच्या भागांत ती सोय राहिली नाही. २०१७च्या ‘एकोज’मध्ये चाल परत घेण्याची मुभा आली, पण ठरावीक वेळाच. आम्ही बटण दाबून जे चोरून करत होतो, ते नियमात आलं आणि त्याचा हिशोब लागला. मला तर हा भाग जास्त कडक वाटतो.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. १९८६ साली जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा दुसरा भाग आला तो पहिल्यात पारंगत झालेल्यांसाठीच: विषारी अळंबी, ढकलून देणारा वारा, मागं नेऊन टाकणारे चोरवाटेचे नळ. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेला तो फार जाचक वाटला. १९८८ साली तिथं दुसराच एक जपानी खेळ मारिओचे कपडे घालून ‘दुसरा भाग’ म्हणून विकला गेला. खरा दुसरा भाग तिकडच्या मुलांना १९९३ साली मिळाला.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, सोपं आणि सुगम. सुगम संगीत गायला सोपं असतं, असं म्हणून पाहा एखाद्या गायिकेसमोर! २०२०च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात साठाहून अधिक सोयी होत्या. आवाजाच्या खुणांवरून वाट सापडते, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला जातो, बटणं हाताला झेपतील तशी मांडता येतात. दृष्टी नसलेल्या खेळाडूंनी तो खेळ शेवटपर्यंत नेला. हे सुगम. त्यांनी तो सोपा करून घेतला, असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

लिंबाचं पुढं काय व्हायचं, आठवतंय ना? एका संध्याकाळी तोच पाय आपटून म्हणायचा, ‘मला पण राज्य द्या.’ त्याला कुणी शिकवावं लागायचं नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर, नातू पडद्यासमोर बसलेला दिसला तर खेळ सोपा लावलास का, हे विचारू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, कालच्या लढाईत तुझं कोण पडलं, आणि कशानं?