पक्ष नाही म्हणून हिशेब सुटत नाही
(वडगाव रासाई येथील बैठकीत केलेले भाषण)



"आपल्या गावात पक्षबिक्ष काही नाही, सगळी आपलीच माणसं," असे पुढारी पारावर बसून सांगतात. ऐकायला गोड वाटते. आज त्या गोड बोलण्याचाच हिशेब मांडू.

प्रशांत महासागरात तुवालू नावाचा देश आहे. देश म्हणायचा, पण माणसे अकरा हजारांच्या आसपास. १९७८ साली इंग्रजांच्या राज्यातून सुटला. तिथे राजकीय पक्षच नाहीत. आठ मतदारसंघ, प्रत्येकातून दोन, असे सोळा खासदार. जो तो आपल्या नावावर निवडून येतो. मग हे सोळा जण बसून पंतप्रधान ठरवतात. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत तिथले पंतप्रधान आपली जागाच हरले. पुढे हवा बिघडली, बोटी अडकल्या, नवे खासदार राजधानीला वेळेवर पोचेनात. फेब्रुवारीअखेर फेलेती तेओ बिनविरोध पंतप्रधान झाले.

म्हणजे पक्ष नसला तरी माणसाला घरी बसवता येते. ही झाली चांगली बाजू. आता दुसरी बघा. २०१३ साली पोटनिवडणुकीत सरकारचे बहुमत गेले, तर त्या वेळचे पंतप्रधान विली तेलावी संसदच बोलवेनात! शेवटी गव्हर्नर जनरलने त्यांना पदावरून काढले. पक्ष नव्हता, पण खुर्ची सोडवत नव्हती.

तुवालू लांब राहिले. आपली ग्रामपंचायत काय वेगळी आहे? तिथेही पक्षाचे चिन्ह मिळत नाही. पॅनेल असते, कपबशी असते, छत्री असते. पूर्वी निवडून आलेले सदस्य सरपंच निवडत. मग सदस्यांना गाडीत घालून 'देवदर्शनाला' न्यायचे आणि सरपंचाच्या निवडीदिवशीच परत आणायचे, हा खेळ आपण पाहिला आहे. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून आला, २०२० साली ती पद्धत गेली, २०२२ साली पुन्हा आली. आपल्याला कुणी विचारले होते?

आणि आता नवा धंदा: बिनविरोधचा लिलाव. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी इथे पदांची बोली लागल्याचे उघड झाले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. पैसा देवळाला जाणार, मग बिघडले काय, असे म्हणणारे भेटतात. बिघडले हे, की ज्याच्या दोन एकर कोरडवाहू रानात ज्वारी आहे, कपाशी आहे, तो बोली लावणार कशाने? शेतमजूर बाईने बोलायचे काय? आणि बोलीत लाखो घालणारा ते काढणार कुठून? पाणंद रस्त्यातून, नळयोजनेतून, घरकुलाच्या यादीतून. देवाला दिलेले दान गावाच्या पाठीवरूनच वसूल होते.

बिनविरोध वाईट नाही. सगळ्या वस्त्यांनी, बायकांनीही, उघड बसून एक माणूस ठरवला तर तो गावाचा मान आहे. पण रात्री चार जणांनी ठरवले तर ती गावाची मालकी विकणे आहे.

भावांनो, पक्षाला पाडता तरी येते, त्याचा झेंडा दिसतो. बिनपक्षाच्या कारभाराला झेंडा नसतो. त्याला धरायला ग्रामसभा हाच एक कासरा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे. त्याआधी महिलांची सभा. आपण जातो किती? कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते आणि वहीवर सह्या घरोघर फिरतात. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे अविश्वास आणता येत नाही. पुढेही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि शेवटचा कौल ग्रामसभेचाच. ती ग्रामसभा ओस असेल तर कायदा कागदावर राहतो.

तेव्हा आज इथून उठताना एवढेच ठरवा. पद विकले जात असेल तर तहसीलदाराकडे लेखी तक्रार, मग पुढे कुणीही असो. उमेदवार दारात आला की पहिला प्रश्न, मागच्या पाच वर्षांत किती पैसा आला आणि गेला कुठे? आणि पुढच्या ग्रामसभेला घरातून एक नाही, दोघे, त्यात एक बाई.

कापसाचे माप आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. मताचे माप तसेच बघा.