कानपूरचं अ‍ॅव्रो



25 सप्टेंबर 2023 रोजी दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादमध्ये, हिंडनच्या हवाई तळावर, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते एअरबस कंपनीचं सी-295 हे मालवाहू विमान हवाई दलात दाखल झालं. तेव्हाचे हवाई दलप्रमुख होते नांदेड जिल्ह्याचे सुपुत्र विवेक राम चौधरी. करार 56 विमानांचा. त्यांपैकी 16 स्पेनमधल्या सेविलहून तयार होऊन येणार आणि उरलेली 40 टाटांच्या बडोद्याच्या कारखान्यात बांधली जाणार. या नव्या विमानाचं भरपूर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. ज्या म्हाताऱ्या विमानाच्या जागी ते आलं, त्या अ‍ॅव्रोची आठवण मात्र फारशी कुणी काढली नाही. खरं तर अ‍ॅव्रो हे भारतात बांधलं गेलेलं प्रवासी विमान होतं.

गोष्ट सुरू होते इंग्लंडात. अलियट व्हर्डन रो यांनी 1910 मध्ये मँचेस्टरला काढलेली अ‍ॅव्रो ही कंपनी मुख्यतः लष्करी विमानांवर पोसलेली. 1957 मध्ये ब्रिटिश सरकारनं संरक्षण धोरण बदललं, लढाऊ विमानांची कामं घटली, आणि कंपनीला पुन्हा प्रवासी वाहतुकीकडे वळावं लागलं. तेव्हा जगभर डाकोटा विमानं जुनी होत आली होती. नव्या दिल्लीत मुख्यालय असलेल्या आपल्या इंडियन एअरलाइन्सला 1953 च्या राष्ट्रीयीकरणात आठ खासगी कंपन्यांकडून जो ताफा मिळाला, त्यातही भरणा डाकोटांचाच. त्यांच्या जागी चालेल, आखूड धावपट्टीवरून उठेल, साध्या साधनांनी दुरुस्त होईल असं विमान अ‍ॅव्रोनं आखलं. नाव ठेवलं 748. पंखांवर रोल्स-रॉइसची दोन डार्ट इंजिनं, आत चाळीस-पंचेचाळीस माणसांची सोय. 24 जून 1960 रोजी ते पहिल्यांदा उडालं.

त्याआधीच भारतानं ते बांधण्याचा परवाना घेऊन ठेवला होता. ही जबाबदारी हवाई दलानं स्वतःच्या अंगावर घेतली आणि ती निभावली हरजिंदर सिंग या अधिकाऱ्यानं. इंजिनिअरिंगची पदवी हातात असूनही ते हवाई सिपाही म्हणून भरती झाले होते आणि तिथून एअर व्हाइस मार्शलपदापर्यंत पोचले. जानेवारी 1960 मध्ये कानपूरच्या जुन्या हँगरांत काम उभं राहिलं. 1 नोव्हेंबर 1961 रोजी पहिलं विमान आकाशात गेलं. त्याला नाव दिलं होतं ‘सुब्रोतो’. पहिले भारतीय हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी वर्षभरापूर्वीच टोकियोत अचानक वारले होते, त्यांची ती स्मृती. रिकाम्या हँगरपासून उड्डाणापर्यंत दोन वर्षंही लागली नाहीत! आजच्या घडीला हे वेळापत्रक ऐकूनच माणूस थक्क होतो.

पण त्याच 1961 मध्ये इंडियन एअरलाइन्सनं हॉलंडची फोकर फ्रेंडशिप विमानं आणली. देशातलं विमान तयार होत असताना देशातल्या एकमेव मोठ्या नागरी गिऱ्हाइकानं परदेशी विमान घेतलं. प्रवाशांना आणि वेळापत्रकाला थांबता येत नाही, हे कंपनीचं म्हणणं समजण्यासारखं आहे. तरी इथेच अ‍ॅव्रोची वाट अरुंद झाली असं वाटतं. पुढे 1967 पासून इंडियन एअरलाइन्सनंही अ‍ॅव्रो घेतली, पण थोडीच. बांधणीचं काम पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे, म्हणजे एचएएलकडे, गेलं. कानपुरात बांधलेल्या 89 विमानांपैकी बहुतेक हवाई दलाला मिळाली. दिल्लीच्या पालम तळावरून ती मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना देशभर नेत राहिली.

महाराष्ट्राला हे विमान एका दुःखद कारणानंही ठाऊक आहे. 4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं अ‍ॅव्रो पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं आणि 45 जणांचे प्राण गेले.

अ‍ॅव्रोपुढची आणखी एक मोठी अडचण म्हणजे त्याचा आराखडा आपला नव्हता. आपल्याकडे बुद्धीची वाण होती म्हणावं, तर तसंही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. त्याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी संशोधकानं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान आखलं आणि ते 1951 मध्ये उडालं. घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे वायुगतिशास्त्राच्या थेट उगमापाशीच. लष्करी विमानांत या परंपरेची फळं दिसली. प्रवासी विमानाच्या आराखड्यासाठी अशी चिकाटी आणि असा पैसा एकत्र आला नाही. अ‍ॅव्रोचं उत्पादन ऐंशीच्या दशकात आटोपलं, तेव्हा त्याचा वारस तयारच नव्हता.

आता दिल्लीच्या आकाशाकडे बघा. गुरुग्राममधून कारभार चालवणाऱ्या इंडिगोनं जून 2023 मध्ये एकदम 500 एअरबस मागवल्या. एअर इंडियानं त्याच वर्षी फेब्रुवारीत एअरबस आणि बोइंग मिळून 470. छोट्या गावांना जोडणाऱ्या उडान योजनेची पहिली फेरी 27 एप्रिल 2017 रोजी सिमल्याहून दिल्लीला झाली, तीही फ्रान्स आणि इटलीच्या एटीआर विमानानं. साठ वर्षांपूर्वी हेच काम अ‍ॅव्रोचं होतं. बोइंग 737 चा शेपटाकडचा उभा पंख हैदराबादेत बनतो, एअरबसचे दरवाजे आणि सुटे भागही भारतात बनतात. भाग जुळवून अ‍ॅव्रोएवढं अख्खं प्रवासी विमान उभं करणं मात्र त्यानंतर राहूनच गेलं आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये एचएएलनं रशियन कंपनीशी एसजे-100 हे जेट भारतात बांधण्यासाठी सामंजस्य करार केला. त्या वेळच्या निवेदनात एचएएलनं स्वतःच अ‍ॅव्रोचा उल्लेख केला. या करारातून विमान उभं राहायचं तर आराखड्यात फेरफार करायचा अधिकार हवा आणि सुट्या भागांचा पुरवठा अखंड हवा. त्याहून आधी हवी ती गुरुग्राममध्ये आणि दिल्लीत बसणाऱ्या विमान कंपन्यांची लेखी मागणी, आणि तीही कारखाना उभारायला घेण्यापूर्वी.