सावकाराला आवतण

मंडळी, डहाणू-तलासरीत सावकार म्हणजे कोण, हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात खावटी उचलायची आणि ती फेडता फेडता खळं रिकामं व्हायचं. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघंही ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या दारात राबायची. 23 मे 1945 ला झरीच्या परिषदेत वारल्यांनी ही वेठ झुगारली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सारं लिहून ठेवलंय.

आज सांगतो ती गोष्ट उलट्या बाजूची. एका देशाने सावकाराला आपणहून आवतण दिलं, आणि तेही पैशांसाठी कमी, त्याच्या वजनासाठी जास्त.

युद्धात होरपळलेला जपान 1952 मध्ये जागतिक बँकेचा सभासद झाला. पुढे टोकियो-ओसाका वेगवान रेल्वेचा घाट घातला गेला. रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी संसदेपुढे खर्चाचा आकडा मुद्दाम कमी दाखवला होता. (हे आपल्याकडे कधी होतच नाही म्हणा!) तेव्हा अर्थमंत्री एइसाकू सातो यांनी सुचवलं: जागतिक बँकेचं कर्ज घ्या, म्हणजे उद्या सरकार बदललं तरी काम बंद पाडता येणार नाही. बँक प्रयोगांना पैसे देत नसे. मग जपानी अधिकाऱ्यांनी पटवलं की यात प्रयोग काहीच नाही, सगळं कसोटीला उतरलेलं तंत्र एकत्र आणलंय, एवढंच. 1961 मध्ये 8 कोटी डॉलर मिळाले. एकूण खर्चाचा तो दहावा हिस्साही नव्हता, पण गाठ पक्की बसली. खर्च फुगल्यावर सोगोंना 1963 मध्ये पायउतार व्हावं लागलं. गाडी मात्र ऑक्टोबर 1964 मध्ये धावली.

तो कर्जदार आज आपला सावकार आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज 1 लाख 8 हजार कोटींचा. त्यातले 81 टक्के जपानची ‘जायका’ ही सरकारी मदतसंस्था देणार, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं हप्ता नाही. असा सावकार आपल्या आज्या-पणज्यांना स्वप्नातही भेटला नसता! पण सातोंची ती गाठ इथेही बसली. 2019 नंतर महाराष्ट्र सरकारने फेरविचाराची भाषा केली, भूसंपादन रेंगाळलं, प्रकल्प मात्र टिकला. ही गाडी गुजरातच्या हद्दीवरच्या झरोळीजवळून तलासरीत, म्हणजे महाराष्ट्रात शिरणार आणि थेट बोईसरला थांबणार.

मग ज्याची जमीन गेली त्याने कुणाकडे जावं? 2018 मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांनी आपलं गाऱ्हाणं थेट जायकाकडे नेलं. जायकाची पर्यावरण आणि पुनर्वसनाची नियमावली आहे. ती मोडली असं वाटलं तर बाधित माणसाला तक्रार करता येते. झरीच्या म्हाताऱ्याला सावकाराचं दार अंधारातही सापडायचं. हे टोकियोचं दार तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर कुणी लिहिलेलं पाहिलं असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला जरूर भेटा.