लघवीची तक्रार अंगावर काढू नका

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेले भाषण)



या कार्यक्रमात आपण नेहमी बियाणं, खतं, कीड आणि जनावरांची निगा यांबद्दल ऐकता. आज मी बोलणार आहे ते पिकाबद्दल नाही. आज घरातल्या कर्त्या माणसाबद्दल, खास करून पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांबद्दल बोलायचं आहे. विषय थोडा संकोचाचा आहे, पण ऐकून घ्या.

गोठ्यातल्या बैलाची लघवी अडली तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे धाव घेतो. दुपारची भाकरीसुद्धा गोड लागत नाही. पण स्वतःची लघवी अडखळू लागली, तर दोन-दोन वर्षं कुणाला सांगत नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. "वय झालं, चालायचंच," असं म्हणून गप्प बसतो. या गप्प बसण्यानं मोठं नुकसान होतं.

हे होतं कशानं?

पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, एक लहानशी गाठ जन्मापासूनच असते. तिला प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते. लघवीची नळी या ग्रंथीच्या मधोमध जाते. चाळिशी-पन्नाशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढू लागते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत तरी ती थोडीबहुत वाढलेली असते, आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. पण ज्याच्या नळीवर दाब येतो त्याला होतो.

ठिबकच्या नळीवर दगड पडला तर काय होतं ते आपण पाहिलं आहे. टाकी भरलेली असते, पण पुढं पाणी थेंबथेंब येतं. इथंही तसंच. पिशवीला लघवी बाहेर ढकलायला जोर लावावा लागतो. सुरुवातीला ती जोर लावते. पुढं दमते, सैल पडते, आणि दर वेळी थोडी लघवी आत शिल्लक राहू लागते. साचलेल्या पाण्यात जशी घाण होते, तसा या शिल्लक लघवीत जंतूंचा संसर्ग होतो, कधी खडेही होतात. दाब मागं चढत गेला तर मूत्रपिंडं सुजतात.

ओळखायचं कसं?

आपल्याला पुढची लक्षणं आहेत का, ते मनाशी तपासून पाहा.

लघवीला बसल्यावर धार लगेच सुरू होत नाही, वाट पाहावी लागते. धार बारीक झाली आहे, मध्येच तुटते. जोर करावा लागतो. झाल्यावरही थेंबथेंब येत राहते. मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. दिवसा तास-दीड तासाला जावं लागतं. लागली की धरवत नाही. आणि रात्री दोन, तीन, चार वेळा उठावं लागतं.

रात्रीची वीज आली म्हणून दारं धरायला उठणं वेगळं, आणि लघवीसाठी चारदा उठणं वेगळं. झोप मोडते, दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागत नाही. शिवाय अंधारात बाहेर जाताना पाय घसरून पडणं, विंचू-सापावर पाय पडणं, हेही धोके आहेतच. म्हणून रात्री उठताना बॅटरी आणि पायात वहाण विसरू नका.

एक सोपं काम करा. तीन दिवस किती वेळा लघवीला गेलात, त्यात रात्री किती वेळा, हे कॅलेंडरवर पेन्सिलीनं रेघा ओढून लिहा. डॉक्टरांना हा कागद फार उपयोगी पडतो. मात्र रात्री वारंवार लघवीला होण्याचं कारण मधुमेहही असू शकतं. तेव्हा रक्तातली साखर तपासून घ्याच.

एकदम लघवी बंद पडली तर

आमच्याकडे आलेल्या एका आजोबांची गोष्ट सांगतो. वय सहासष्ट. दोन वर्षांपासून धार बारीक झाली होती, पण घरात बोलले नव्हते. पुतण्याच्या लग्नासाठी एस.टी.नं लांबचा प्रवास केला. गाडीत लघवी धरून ठेवली. त्यात सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळी घेऊन खाल्ली. रात्री लघवी पूर्ण बंद! घरच्यांनी काळजीनं तांब्यावर तांब्या पाणी पाजलं, ओटीपोटावर पळसाच्या फुलांचा शेक दिला. सकाळपर्यंत आजोबा वेदनेनं तळमळत होते. रुग्णालयात नळी घालताच लिटरभराच्या वर लघवी निघाली आणि आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "डॉक्टर, आधीच यायला हवं होतं."

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, लघवी तुंबल्यावर पाणी पाजू नका. बाहेर जायचा रस्ता बंद असताना आत पाणी भरून फुगवटा आणि वेदना वाढतात. दुसरी, सर्दीच्या काही गोळ्यांनी, दारूनं, बद्धकोष्ठानं आणि फार वेळ लघवी धरून ठेवल्यानं ती अडू शकते. म्हणून औषध घेताना लघवीचा त्रास आहे हे आधी सांगा. तिसरी, शेकात वेळ घालवू नका. ताबडतोब जवळच्या रुग्णालयात जा. वाहन नसेल तर १०८ नंबरला फोन करा. नळी घालणं हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे. गावात कुणाकडूनही जबरीनं नळी घालून घेऊ नका. आत जखम होते.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. काही माणसांची पिशवी हळूहळू फुगत जाते आणि दुखतच नाही. नुसतं धोतर किंवा अंथरूण ओलं होतं. घरचे म्हणतात, "बाबांना आता धरवत नाही." खरं तर भरलेला हौद ओसंडून वाहत असतो. असे एक गृहस्थ आमच्याकडे आले, तेव्हा पायावर सूज होती, अन्न नकोसं झालं होतं, आणि दोन्ही मूत्रपिंडं सुजली होती. नळी घातल्यावर ते सावरले, पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. सहा महिने आधी आले असते तर हे टळलं असतं. तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण ओलं होऊ लागलं, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला तपासायला आणा.

तपासणी आणि उपचार

डॉक्टर पोट तपासतात. गुदद्वारातून बोटानं ग्रंथी चाचपतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, लाजू नका. मग लघवी व रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. ग्रंथी किती वाढली आणि लघवी झाल्यावर पिशवीत किती उरली, हे सोनोग्राफीत कळतं.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि या वाढीचा पुढं कॅन्सर होतो असंही नाही. पण प्रोस्टेटचा कॅन्सर वेगळा होऊ शकतो, आणि सुरुवातीला त्याची लक्षणं दिसत नाहीत किंवा अशीच दिसतात. म्हणून डॉक्टर पी.एस.ए. नावाची रक्ताची तपासणी सांगू शकतात. तो आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. संसर्गानं आणि साध्या वाढीनंही तो वाढतो. घाबरून न जाता पुढची तपासणी करून घ्या.

त्रास थोडा असेल तर काही पथ्यं पुरतात. झोपण्याआधी दोन तास पाणी कमी प्या. संध्याकाळनंतर चहा कमी करा, दारू नको. शौचाला साफ होईल असं खा. पण लघवी होते म्हणून दिवसभराचं पाणी तोडू नका.

त्रास जास्त असेल तर गोळ्या आहेत. एक प्रकार नळीभोवतीचे स्नायू सैल करतो. टॅमसुलोसिन हे त्यातलं नेहमीचं औषध. त्याचा गुण काही दिवसांत दिसतो. या गोळीनं उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून अंथरुणावरून सावकाश उठा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. दुसरा प्रकार ग्रंथी आक्रसवतो. त्याला सहा महिने लागतात, धीर धरावा लागतो. त्या फुटलेल्या गोळ्यांना गरोदर बाईनं हात लावू नये. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करू नका.

गोळ्यांनी भागलं नाही, लघवी पुन्हा पुन्हा तुंबू लागली, खडे झाले किंवा मूत्रपिंडावर ताण आला, तर शस्त्रक्रिया लागते. ती बहुधा लघवीच्या मार्गातूनच, दुर्बिणीनं करतात. पोटावर चीर नसते. कमरेखालचा भाग बधिर करतात. दोन-तीन दिवस नळी राहते, काही दिवस लघवी लालसर येऊ शकते. पुढं महिना-दीड महिना पोतं उचलणं, नांगर धरणं, ट्रॅक्टर चालवणं बंद ठेवा. संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता पिशवीत जाणं, असा एक फरक बहुतेकांना जाणवतो. त्यानं प्रकृतीला अपाय नाही, पण डॉक्टरांशी आधी मोकळेपणानं बोलून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. ऑपरेशनच्या भीतीनं किंवा पैशाच्या चिंतेनं जमीन गहाण टाकायच्या आधी ही विचारपूस जरूर करा.

मुतखडा आणि उन्हाळी

लघवीच्या सगळ्याच तक्रारी प्रोस्टेटच्या नसतात. कुशीतून जांघेकडे येणारी तीव्र कळ, ओकारी, लघवीत रक्त, ही मुतखड्याची खूण. उन्हात राबताना पाणी कमी पडलं की खडा धरतो. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, मीठ बेतानं खा. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. बिअरनं खडा विरघळत नाही, हा गैरसमज आहे. कळ आणि थंडी-ताप एकत्र आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

लघवीला जळजळ होणं, म्हणजे उन्हाळी लागणं, हे उन्हानंच होतं असं नाही. तो जंतूंचा संसर्ग असू शकतो, आणि बायांना तो जास्त होतो. आडोसा नाही म्हणून शेतावर दिवसभर लघवी धरून ठेवू नका. घरच्या पुरुषांनो, बांधाला एक आडोसा करून देणं तुमच्या हातात आहे.

आणि लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, दुखत नसलं, तरी तपासा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना लघवीच्या पिशवीचा कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो.

थोडक्यात, हे लक्षात ठेवा

१) धार बारीक, रात्री वारंवार उठणं: महिनाभरात डॉक्टरांना दाखवा.
२) लघवी पूर्ण बंद: पाणी पाजू नका, ताबडतोब रुग्णालय.
३) अंथरूण ओलं होणं: पिशवी तुंबली आहे का ते पाहा.
४) लघवीत रक्त: एकदा दिसलं तरी तपासणी.
५) कळ आणि ताप एकत्र: त्याच दिवशी उपचार.

मंडळी, पिकाला पाणी वेळेवर मिळालं नाही तर काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. शरीरातलं पाणी वेळेवर बाहेर पडणंही तितकंच गरजेचं आहे. हा कागद घरात चार जणांत मोठ्यानं वाचा, आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवा. त्यांना विचारायचा संकोच वाटत असेल, तर आपणच विचारा, "काका, रात्री किती वेळा उठावं लागतं?"

बरं, येतो. नमस्कार.