सोळा चिठ्ठ्या



उन्हाळा आला की आपल्याकडची पुष्कळ मुलं तीन-चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी जातात. वित्तव्यवहार शिकणाऱ्यांपैकी अनेक जण लंडन निवडतात. पालक मला विचारतात, “मॅडम, व्यवसायातली नीतिमत्ता शिकायला एवढा खर्च कशाला? ती घरी शिकवतोच की आम्ही.” प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल मी तिथे शिकत होते तेव्हाचा एक तास सांगते.

16 विद्यार्थी, प्रत्येकाकडे एक चिठ्ठी. प्रत्येक जण म्हणजे एक बँक. प्रश्न असा: आज सकाळी अकराच्या सुमाराला तुमच्या बँकेला इतर बँकांकडून तीन महिन्यांसाठी पैसे उचलायचे असते, तर व्याज किती पडलं असतं? चिठ्ठ्या गोळा करून चढत्या क्रमाने लावायच्या. वरच्या 4 आणि खालच्या 4 बाजूला काढायच्या, मधल्या 8 आकड्यांची सरासरी घ्यायची. झाला त्या दिवसाचा दर. लंडनचा ‘लायबोर’ वर्षानुवर्षं याच रीतीने ठरत असे, आणि जगभरातली घरकर्जं, उद्योगांची कर्जं, व्याजाचे करार त्याला बांधलेले असत.

मग शिक्षकांनी दुसरी चिठ्ठी वाटली. तिच्यावर ज्याच्या-त्याच्या बँकेचे करार होते. कुणाचा फायदा दर चढण्यात, कुणाचा उतरण्यात. प्रश्न पुन्हा तोच. आकडे हलले. फार नाही, टक्क्याचा एखाद-दुसरा शंभरावा भाग. आणि आपण खोटं लिहिलं असं वर्गात कुणालाच वाटेना, कारण 5.31 जितका खरा, तितकाच 5.32 ही खरा होता. पण हजार कोटींच्या करारावर तो शंभरावा भाग वर्षाला 10 लाख रुपये होतो. ते 10 लाख कराराच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाच्या खिशातून जातात.

टोकाचे आकडे वगळले की लबाडी आपोआप बाद होते, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. मधला आकडा मुद्दाम वर चढवला, तर तो वगळला जातो खरा, पण त्याच्या जागी वरचा एक आकडा मध्ये येतो आणि सरासरी सरकते. कागदावर मांडून पाहा, लगेच पटेल.

प्रत्यक्षात हेच घडलं. जून 2012 मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रणांनी मिळून बार्कलेज बँकेला सुमारे 29 कोटी पौंडांचा दंड केला. सौदे करणाऱ्यांनी आकडा भरणाऱ्या सहकाऱ्यांना तो कमी-जास्त करण्यासाठी धाडलेले निरोप तपासात हाती लागले होते.

इथवर वर्गाचं एकमत होतं. तट पडले ते 2008 च्या आर्थिक संकटावरून. त्या वेळी चढा आकडा भरणं म्हणजे आपली बँक अडचणीत आहे असं स्वतःच जाहीर करणं. म्हणून काहींनी आकडे कमी दाखवले. यात हाव नव्हती, भीती होती. निम्मा वर्ग म्हणाला, घबराट टळली तर बिघडलं काय? मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या दरावर ज्याला व्याज मिळायचं होतं, त्याच्या पदरात कमी पडलं, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

न्यायालयांनाही हे सोपं गेलेलं नाही. टॉम हेज या सौदे करणाऱ्याला 2015 मध्ये 14 वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती 11 वर आली. जुलै 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची दोषसिद्धीच रद्द केली. कारण बँकेचा फायदा डोळ्यांसमोर ठेवून भरलेला आकडा प्रामाणिक असूच शकत नाही, असं मूळ खटल्यातल्या न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा म्हणून सांगितलं होतं. आकडा प्रामाणिक होता का, हे ठरवणं ज्युरीचं काम होतं. मात्र दोषी ठरवण्याजोगा भरपूर पुरावा होता, हेही त्याच निकालात आहे.

एकाचा नफा कुणाच्या खिशातून येतो, हा प्रश्न लंडनमध्ये विचारणारा आपला एक थोर विद्यार्थी होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध 1923 मध्ये पुस्तकरूपाने आला. रुपया घसरला की निर्यातदाराला नफा होतो, पण किमती आधी वाढतात आणि मजुरी मागून, म्हणजे तो नफा मजुराच्या पदरातून येतो, असं त्यांनी मांडलं. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यातच आपले मतभेदही नोंदवले. विद्यार्थ्याला असा गुरू लाभावा!

लायबोरसारखाच आपल्याकडचा दर, मुंबईचा ‘मिबोर’ही आधी बँकांना विचारून काढत. 2015 पासून तो प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून काढतात. सुधारणा चांगली आहे. तरी ज्यांचा बाजारभाव नाही अशा मालमत्तेचं मूल्य, बुडीत कर्जासाठीची तरतूद, हे आकडे आजही माणूसच अंदाजाने भरतो.

परदेशी जाणं सगळ्यांना परवडणारं नाही. पण हा तास आपल्या कुठल्याही वाणिज्य महाविद्यालयात घेता येईल, आणि प्राध्यापक मित्रांनो, तो जरूर घ्या. माझी एक सूचना आहे. तिसरी फेरी ठेवा. आणखी चार विद्यार्थ्यांना कर्जदार करा, त्यांचा हप्ता फळ्यावर लिहा, त्यांना समोर बसवा. मग प्रत्येक बँकेला तिचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा, आणि तो कसा काढला हे त्या चौघांना विचारू द्या.