लेंड्या वाचणारे डोळे
(उमापूर, ता. गेवराई येथे कापणीच्या सणानिमित्त केलेले भाषण)



ईयोबाच्या पुस्तकाचा ३९ वा अध्याय हरिणींच्या विण्यापासून सुरू होतो आणि गरुडाच्या पिलांच्या भक्ष्यावर संपतो. यातले तुला काय ठाऊक आहे, असा देवाचा ईयोबाला प्रश्न आहे. ईयोबाजवळ उत्तर नव्हते. आज अशा प्रश्नांचा अभ्यास करणारी माणसे आहेत. त्यांच्या कामाचा आपल्या पारध्यांच्या मुलांशी संबंध आहे, म्हणून ते सांगतो.

आपल्याकडे माळावर काळवीट दिसते. आपण त्याला हरीणच म्हणतो. शास्त्रज्ञ त्याला कुरंग म्हणतात, कारण त्याची शिंगे हरणाप्रमाणे दरवर्षी गळत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनन्या जाना आणि प्रा. प्रवीण कारंथ यांनी काळविटांच्या वंशाचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी आठ राज्यांतील बारा ठिकाणी, कळपाच्या मागे दुरून जात, लेंड्या गोळा केल्या गेल्या. एकाही जनावराला हात लावावा लागला नाही. लेंड्यांतील डीएनएवरून उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन गट दिसले. माद्या बहुधा आपल्याच मुलखात राहतात. नर मात्र शेते, रस्ते आणि वस्त्या मध्ये असूनही अपेक्षेपेक्षा दूर जातात आणि कळपांचे रक्त एकमेकांत मिसळत ठेवतात.

शिकारी पक्ष्यांचेही तसेच. गरुड, घुबड असे पक्षी न पचलेले केस, पिसे, हाडे यांची गोळी करून तोंडावाटे टाकतात. घरट्याखालच्या गोळ्या फोडल्या की त्यांचे खाणे कळते. डॉ. सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी महाराष्ट्रातील शृंगी घुबडाचा असा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्याच्या खाण्यात मुख्यतः पिकांची नासाडी करणारे उंदीर-घुशी निघाल्या. ज्या पक्ष्याला आपण अपशकुनी म्हणून हाकलतो, तो आपलेच धान्य राखत होता.

आता आपल्या मुलाची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात अभ्यासवर्गातील मुलांना घेऊन मी माळावर गेलो होतो. सातवीतला एक पारध्याचा मुलगा लेंड्यांच्या ढिगाजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "दादा, हितं नर ऱ्हातोय. नर एकाच जागी लेंड्या टाकतो, म्हणून ढीग झालाय. ह्या वरच्या आजच्याच हायत." मी त्याला शाबासकी दिली. तो हळूच म्हणाला, "शाळेत सांगू नका, दादा. पोरं चोर म्हणत्यात."

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. जे काम विद्यापीठात केले तर संशोधन ठरते, ते या लेकराला लपवावे लागते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या जिभेवर राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाची शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले. पण फास टाकून पोट भरणाऱ्याच्या हाती दुसरे काय दिले, हे फार थोड्यांनी विचारले. हातातला फास गेला. डोळ्यांतली विद्या अजून आहे, पण मुलांना तिची लाज वाटू लागली तर एका पिढीत तीही जाईल.

म्हणून आज आपल्याकडे दोन गोष्टी मागतो. पहिली, या मुलांचे जातीचे दाखले आणि बारावीपर्यंतचे शिक्षण यासाठी आपला हातभार. दुसरी गोष्ट पैशाची नाही. आपल्या शेताच्या बांधावर पारध्याचे पोर उभे दिसले, तर हाकलण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: "बाळा, इथून रात्री कोण गेलं रे?"

उत्तर ऐकून तुम्ही थक्क व्हाल. आणि कोणीतरी आपल्याला विचारले, हे ते पोर जन्मभर विसरणार नाही.

प्रभू आपणांस आशीर्वादित करो. आमेन.